कोणाबरोबर, कशासोबत, कोणाच्या देखत

१९५६ साली येल विद्यापीठातला ड्वाइट हीथ नावाचा तरुण मानववंशशास्त्रज्ञ बायकोला घेऊन पूर्व बोलिव्हियातल्या मोन्तेरो या गावी राहायला गेला. तिथल्या काम्बा लोकांची शेती, जमीन, नातीगोती हा त्याच्या अभ्यासाचा विषय. दारूचा त्यात कुठे संबंध नव्हता. पण गावात राहायचं म्हटलं की शनिवारचं बोलावणं टाळून चालत नाही आणि काम्बांकडे शनिवारचं बोलावणं म्हणजे पिण्याचंच. नवराबायको दर आठवड्याला जात राहिले. अमेरिकेत परतल्यावर हीथने हे सहज कोणाला तरी सांगितलं, तेव्हा येलमध्येच असलेल्या मद्य-अभ्यास केंद्रातल्या मंडळींनी कान टवकारले. त्याने आणलेली बाटली त्यांनी तपासली. उसापासून काढलेलं ते पेय ८९ टक्के अल्कोहोल निघालं. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. त्याच्या दुप्पट! हे माणसं पाण्याशिवाय पितात यावर तिथे कोणाचा विश्वास बसेना.

त्याहून चकित करणारी होती ती पिण्याची रीत. दहा-बारा जण गोल करून बसायचे. मधल्या मेजावर एक बाटली आणि ग्लास एकच. यजमान तो भरायचा, उठून कोणा एकासमोर जाऊन उभा राहायचा, मान लववायचा. समोरचा हसून मान डोलवायचा. मग यजमान अर्धा ग्लास पिऊन उरलेला अर्धा त्याच्या हाती द्यायचा. तो संपवून समोरचा पुन्हा बसायचा आणि थोड्या वेळाने ग्लास भरून तिसऱ्याच कोणाकडे जायचा. आपल्या मनाने उठून कोणी घोट घ्यायचा नाही. झोप आली तर तिथेच कलंडायचं, जाग आली की परत गोलात. हे असं शनिवारी रात्री सुरू होऊन सोमवारी सकाळपर्यंत चालायचं, मग सगळे कामाला. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, बायकांची छेड नाही. एकट्याने कोणी पीत नव्हतं, आठवड्याच्या मधल्या दिवशी पीत नव्हतं आणि ज्याला आपण बेवडा म्हणतो असा माणूस हीथला त्या गावात सापडला नाही. १९५८ साली त्याने हे सगळं एका शोधनिबंधात मांडलं. दारूच्या अभ्यासाला त्यामुळे वेगळंच वळण लागलं.

पुढे १९६९ मध्ये क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोघांनी जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून एक पुस्तक लिहिलं. दारू मेंदूचा ब्रेक काढून टाकते, मग माणूस वाटेल तसा वागतो, ही समजूत त्यांनी तपासायला घेतली. ब्रेकच निघत असेल तर सगळीकडची माणसं सारखीच वागायला हवीत. तसं होत नाही. कुठे प्यायलेले लोक गप्प बसतात, कुठे रडतात, कुठे गातात, कुठे सुरे काढतात. आणि एकाच समाजात पिढी बदलली की वागणंही बदलतं. शिवाय झिंगलेला माणूस म्हणे भान हरपतो, पण कोणासमोर हरपायचं याचं भान त्याला बरोबर असतं. प्यायल्यावर बायकोवर हात उचलणारा त्याच अवस्थेत फौजदारासमोर हात जोडतो, हे आपल्याकडच्या बायकांना कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक आहे.

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट प्रयोगशाळेत धरली. व्होडकात टॉनिक वॉटर विशिष्ट प्रमाणात मिसळलं की चवीवरून आत व्होडका आहे की नाही ते ओळखता येत नाही. त्याने लोकांचे गट केले. काहींना व्होडका सांगून नुसतं टॉनिक दिलं, काहींना टॉनिक सांगून व्होडका दिली. पेयांची चव पारखायची आहे, हवं तेवढं प्या, एवढंच सांगितलं. ज्यांना आपण व्होडका पितोय असं वाटत होतं ते जास्त प्यायले, मग ग्लासात काहीही असो. यात दारूच्या आहारी गेलेले लोकही होते. आत खरी व्होडका आहे आणि आपल्याला ते माहीत नाही, अशा वेळी एका घोटाने पुढचे दहा ओढून घेतले असं त्यांच्याही बाबतीत घडलं नाही.

यावरून दारू म्हणजे सगळा मनाचा खेळ, असं कोणी म्हणेल तर ते मात्र खोटं. हातपाय लटपटणं, ब्रेकवर पाय उशिरा पडणं, यकृत सुजणं यांना कुठल्याही समाजाची रीत अडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २६ लाख माणसं दारूपायी गेली आणि सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही, असं संघटनेने २०२३ मध्ये बजावलं. शरीराचं गणित सगळीकडे एकच. बदलतं ते बैठकीचं गणित: कोण, कोणाबरोबर, कशासोबत आणि कोणाच्या देखत पितो.

या बैठकीचा सगळ्यात रेखीव नमुना जॉर्जियात आहे. काळ्या समुद्राकाठच्या या छोट्या देशात साधारण ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांमध्ये द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले, ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. आजही तिथे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मोठाल्या रांजणांत द्राक्षाचा रस, साली, बिया सगळं एकत्र आंबवतात. या रांजणांना क्वेव्री म्हणतात आणि त्यात वाइन करण्याची पद्धत २०१३ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. पण वाइनपेक्षा मोलाची आहे ती तिथली पंगत, सुप्रा. चीज भरलेली खाचापुरी, अक्रोडाच्या वाटणातली वांगी, मांस, हिरवा पाला यांनी मेज इतकं भरलेलं असतं की ताटावर ताट चढतं. पाहुणे बसले की एक तमादा ठरतो. तमादा म्हणजे पंगतीचा सूत्रधार. त्याच्या परवानगीशिवाय ग्लास ओठाला लागत नाही.

तमादा उठतो आणि बोलतो. आधी देवाच्या किंवा शांततेच्या नावाने, मग देश, मग घर, आईवडील, गेलेली माणसं, आणि गेलेल्यांच्या लगेच मागून मुलं, कारण मरणाच्या आठवणीवर पंगत थांबवायची नसते. प्रत्येक वेळी दोन वाक्यांत उरकायचं नाही. वडिलांबद्दल बोलायचं तर या घरातल्या वडिलांबद्दल, त्यांनी लावलेल्या वेलीबद्दल, कोणाशी धरलेल्या अबोल्याबद्दल बोलायचं. तेवढ्यात तो ‘आलावेर्दी’ म्हणून एखाद्याकडे बोलणं सोपवतो. मग त्याने तोच धागा पुढे न्यायचा. सगळे बोलून झाले की ‘गाउमार्जोस’ म्हणून ग्लास रिता. मध्ये गाणी होतात, तीन स्वरांत, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. चांगल्या तमादाची खरी परीक्षा ही की त्याने सगळ्यांच्या बरोबरीने प्यायचं आणि त्याची जीभ शेवटपर्यंत अडखळता कामा नये. ज्याची अडखळली त्याला पुढच्या खेपेला कोणी तमादा करत नाही.

सगळं नीट पाहिलं तर तमादा ही वेग राखायची युक्ती आहे. दोन घोटांमध्ये भाषण, भाषणानंतर गाणं, गाण्यावर खाणं. सहा तासांत माणूस भरपूर पितो, पण एका दमात नाही आणि रिकाम्या पोटी नाही. शिवाय प्रत्येक घोटाला कारण जोडलेलं, आणि कारणं तमादाच्या हाती. मला यातलं सगळंच गोड वाटतं असं नाही. बहुतेक वेळा तमादा पुरुष असतो, बायका स्वयंपाकघर आणि मेज यांच्यामध्ये येरझारा घालतात, आणि तरण्याताठ्या पुरुषाने ग्लास अर्धा ठेवला तर त्याच्या पुरुषार्थाबद्दल टोमणा ठरलेला. पण पिणं म्हणजे बोलणं, आणि नीट बोलता येत नसेल तर पिण्याचा मान नाही, ही अट मात्र मानायला हवी.

इंग्रजांनी हाच वेग राखायचं काम पाळीवर सोपवलं. पबमध्ये चौघं गेले की एकाने चौघांचे ग्लास आणायचे, मग दुसऱ्याने. आपली पाळी चुकवणाऱ्याची तिथे जी छी थू होते ती आपल्याकडे लग्नात आहेर न करणाऱ्याचीही होत नाही. पण पाळीत एक गोम आहे. चौघांना निदान चार ग्लास होणारच, आणि सगळ्यात भराभर पिणारा बाकीच्यांना फरफटत नेतो. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार सोमवारी गैरहजर राहू लागले तेव्हा सरकारने नेमकी हीच नस धरली. १९१५ मध्ये एका हुकुमाने दुसऱ्याला दारू पाजणं हा गुन्हा ठरवला, लंडनमध्ये ऑक्टोबरपासून. मित्राच्या ग्लासाचे पैसे दिले म्हणून लोकांना खरोखर दंड झाले. पब दुपारी बंद ठेवायची त्या वेळची सक्ती तर १९८८ पर्यंत टिकली.

जपान-कोरियात रीत वेगळ्या अंगाने बांधलेली आहे. तिथे पिण्यातला मुख्य प्रश्न मानपानाचा. जपानी बैठकीत आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. आपला भरायला कोणीतरी येईलच. कोरियात वडीलधारा माणूस ओतत असेल तर ग्लास दोन्ही हातांनी धरायचा आणि पिताना मान बाजूला वळवून, त्याच्या तोंडासमोर नाही. म्हणजे वडिलांसमोर पिऊ नये हा आपला संकोच कोरियनांनाही आहे. त्यांनी त्याला वळसा न घालता त्याचीच रीत केली. चीनमध्ये ग्लास भिडवताना आपल्या ग्लासाची कड समोरच्याच्या कडेपेक्षा जराशी खाली ठेवायची, आणि दोघंही नम्र निघाले तर दोन्ही ग्लास मेजाला टेकेपर्यंत खाली जातात.

जपानी कचेऱ्यांत कामानंतरच्या अशा बैठकीला नोमिकाई म्हणतात. दिवसभर साहेबासमोर कमरेत वाकणारा कारकून तिथे तिसऱ्या ग्लासानंतर साहेबाला चार खडे बोल सुनावू शकतो आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही काही आठवत नाही, असं समजायचं असतं. आठवत सगळं असतं. ही सोय अनेक वर्षं उत्तम चालली, तिचा जाच कोणी मोजला नाही. खरं तर जपानी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या शरीरात अल्कोहोल पुरतं पचवणारं एक एन्झाइम कमकुवत असतं. एका बिअरवर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, मळमळतं. म्हणजे निम्म्याला आले एवढे लोक नोकरीसाठी त्रास सोसत होते. अलीकडे अशा सक्तीला तिथे छळ म्हणण्याची हिंमत आली, तरुणांनी नोमिकाईला दांड्या मारायला सुरुवात केली आणि पिणं उतरणीला लागलं. इतकं की २०२२ मध्ये जपानच्या कर विभागाने ‘साके व्हिवा’ नावाची स्पर्धा काढून वीस ते एकोणचाळीस वयाच्या लोकांना आवाहन केलं, तरुणांनी प्यावं यासाठी कल्पना सुचवा! १९८० मध्ये कराच्या उत्पन्नात मद्यकराचा वाटा ५ टक्के होता, तो २०२० मध्ये १.७ वर आला होता. सरकारचा जीव नेमका कशात अडकलेला असतो ते इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

युरोपच्या उत्तरेला गेलं की चित्र पालटतं. फिनलंड, स्वीडन, आइसलंड इथे जेवणाबरोबर रोज थोडी ही चाल जुनी नाही. आठवडाभर कोरडं राहायचं आणि शुक्रवारी रात्री आडवं होईस्तोवर प्यायचं. घरच्या घरी, बाहेर जायचा इरादा नसताना, चड्डीवर बसून एकट्याने पिण्यालाही फिनिश लोकांकडे एक लाडका शब्द आहे. या देशांत गावाने किंवा पंगतीने नजर ठेवायचं काम सरकारने अंगावर घेतलं. फिनलंडमध्ये १९१९ ते १९३२ पूर्ण दारूबंदी होती. त्या काळात हॉटेलात ‘कडक चहा’ मागितला की कपातून दारू येई आणि समुद्रमार्गे स्पिरिटचे डबे येत. शेवटी सार्वमत होऊन बंदी उठली आणि सरकारी दुकानं उघडली, ५-४-३२ रोजी सकाळी १० वाजता. ५, ४, ३, २, १, ० हा क्रम फिनिश लोक आजही गमतीने सांगतात.

आइसलंडची कथा तर नाटकात शोभेल. १९१५ मध्ये बंदी आली. पण स्पेन आइसलंडच्या खारवलेल्या माशांचं मोठं गिऱ्हाईक. त्याने सांगितलं, आमची वाइन घेत नसाल तर तुमचे मासे घेत नाही. १९२२ मध्ये वाइन खुली झाली. १९३५ मध्ये कडक दारूही खुली झाली. बिअर मात्र बंद राहिली, ती थेट १ मार्च १९८९ पर्यंत! व्होडका चालते, बिअर नाही. युक्तिवाद असा की बिअर स्वस्त आणि सौम्य, त्यामुळे तिच्या वाटेने पोरं बिघडतील. लोक बिनअल्कोहोलच्या बिअरमध्ये व्होडका ओतून पीत राहिले.

स्वीडनने १९२२ च्या सार्वमतात बंदी अगदी थोडक्या मतांनी फेटाळली, पण आधीच सुरू केलेलं रेशनकार्ड १९५५ पर्यंत चालवलं. कोणाला महिन्याला किती दारू मिळणार ते वय, उत्पन्न, समाजातलं स्थान बघून ठरे. लग्न झालेल्या बाईला सहसा कार्डच नाही. रेशन गेलं, त्या जागी सरकारी दुकानांची मक्तेदारी आली, ती आजही आहे. सिस्टेमबोलागेट असं तिचं नाव. शनिवारी दुपारी तीनला शटर खाली, रविवारी बंद. सवलत नाही, एकावर एक फुकट नाही, बिअर गार करून मिळत नाही. हे आपल्याला विक्षिप्त वाटतं, पण स्वीडिश मतदार ही मक्तेदारी मोडू देत नाहीत.

अशा वेळी कोणीतरी हमखास फ्रान्सचं उदाहरण काढतं. जेवणाबरोबर दोन ग्लास वाइन, मुलांनाही लहानपणापासून पाणी मिसळून चव, त्यामुळे तिथे म्हणे दारूचा प्रश्नच नाही. हा गैरसमज आहे. फ्रान्समध्ये १९५६ पर्यंत चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेच्या जेवणाबरोबर वाइन मिळू शकत होती, ती त्या वर्षी सरकारने बंद केली. १९६१ च्या सुमाराला तिथला प्रौढ माणूस सरासरीने वर्षाला सुमारे २६ लिटर शुद्ध अल्कोहोल रिचवत होता. रस्त्यात लोळणारे कमी दिसत होते, पण यकृताच्या सिरोसिसने मरणारे ढिगाने होते. आज तो आकडा निम्म्याखाली आहे आणि त्याचं श्रेय काही प्रमाणात जाहिरातींवर निर्बंध घालणाऱ्या १९९१ च्या कायद्यालाही जातं. रीत माणसाला मारामारीपासून वाचवते, यकृताला नाही. तिथे प्रमाणच मोजावं लागतं. रशियाचा अनुभवही हाच. गोर्बाचेव्हने १९८५ मध्ये दारूवर निर्बंध आणले, द्राक्षमळे तोडले, लोकांनी घरच्या भट्टीसाठी साखर पळवली, त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण रशियन पुरुषांचं सरासरी आयुष्य त्या दोन-तीन वर्षांत वाढलं आणि निर्बंध सुटून देश कोसळल्यावर १९९४ पर्यंत ते ५८ च्याही खाली आलं.

मग आपण कुठे बसतो? २०१९ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या आणि दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीत १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के भारतीय दारू पिणारे निघाले, म्हणजे सुमारे १६ कोटी. फ्रान्स किंवा जपानच्या मानाने हे प्रमाण फारच थोडं. पण त्यातल्या ५ कोटी ७० लाखांचं पिणं घातक पातळीचं होतं. दर तिघांमागे एक. न पिणाऱ्यांच्या देशात पिणारा इतक्या टोकाला का जातो, याचं एक उत्तर त्याला पिण्याचं कुठलंच वळण मिळालेलं नसतं, हे आहे.

महाराष्ट्रात हे वळण कसं मोडलं त्याचा इतिहास कागदोपत्री आहे. वारली, कोकणा, भिल्ल, गोंड यांच्याकडे मोहाची दारू आणि ताडी देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते. आधी धार जमिनीवर सोडायची, मग जाणत्याने घ्यायची, मग इतरांनी. ती घरी काढलेली, सणापुरती. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातलं गाळप सरकारी देखरेखीखाली आणि ठेकेदारांच्या हाती गेलं. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं गोळा करून ठेवण्यावरच कायद्याने बंधनं आली. घरची भट्टी गुन्हा ठरली आणि पिणारा ठेकेदाराच्या दुकानात रोख पैसे मोजू लागला, किंवा उधारीत बुडू लागला. गोल गेला, गल्ला आला. पुण्यात नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली होती ती याच काळात. आणि १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी अंगात येऊ लागली, ती डोंगर चढून दक्षिण गुजरातेत पसरली. तिची आज्ञा काय, तर दारू सोडा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या लाटेवर पुस्तक लिहिलं आहे. दारूवाल्या सावकारांच्या कर्जातून सुटायचा मार्ग आदिवासींनी देवीच्या तोंडून शोधला, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं.

पांढरपेशा मराठी माणसाची दारूशी ओळख मात्र रंगभूमीवर झाली. १९१९ मध्ये आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर हुशार वकील आहे, अपमान झाला म्हणून तळीरामाच्या आग्रहाने पहिला प्याला घेतो आणि बायको-पोरासकट संपतो. नाटक थोरच. पण त्यातली बैठक म्हणजे आर्य मदिरा मंडळ, ती विनोदासाठी. शुद्ध न पिणं आणि सर्वनाश यांच्यामध्ये तिसरी जागा त्या नाटकात नाही. आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या डोक्यातही नव्हती.

कायद्याने मग तेच पक्कं केलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजी देसाई गृहमंत्री, १९५० पासून संपूर्ण बंदी. ज्याला प्यायची त्याने डॉक्टरकडून प्रकृतीसाठी दारू गरजेची असल्याचा दाखला आणायचा, मग महिन्याची ठरावीक युनिटं मिळणार. धोबीतलाव, वांद्रे, माझगावकडे ख्रिस्ती बायकांच्या घरांत चोरून गुत्ते चालू झाले, ‘आंटीचा अड्डा’ म्हणून. भिंतीवर येशू, बाकावर चार गिऱ्हाइकं, बशीत उकडलेली अंडी नाहीतर चणे. पोलिसांची शिट्टी कधी वाजेल नेम नाही, म्हणून घशाखाली ओतायची, मीठ चाटायचं आणि सटकायचं. हातभट्टीवाले काळा गूळ आणि नवसागर घालून जे गाळत त्याला चव घेत पिण्यासारखं काही नव्हतंच. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, पण तो कायदा रद्द झाला नाही. आजही नाही. म्हणून आपल्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते आणि आत बसलेल्या प्रत्येकाकडे कायद्याने परवाना हवा. एका दिवसाच्या परवान्याची किंमत पाच रुपये आणि कारण आरोग्याची जपणूक! दरवाजाच्या काचा काळ्या, आत दिवसाढवळ्या अंधार.

त्या काळ्या काचेआड आणि देशी दारूच्या दुकानातल्या जाळीपुढे आपण प्यायला शिकलो. देशीच्या दुकानात सकाळी जाऊन पाहावं. कामावर निघालेला माणूस सुट्टे पैसे जाळीतून सरकवतो, नव्वदीचा ग्लास उभ्या उभ्या एका दमात संपवतो, मनगटाने तोंड पुसतो आणि दोन मिनिटांच्या आत बाहेर. शेजाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. काम्बा लोकांच्या बैठकीचं हे नेमकं उलटं टोक. मधल्या वर्गातली ‘बसायचं का?’ वाली मंडळी गच्चीवर किंवा फार्महाउसवर चखण्यासह तासन्‌तास बसतात हे खरं, पण तिथेही घरच्यांपासून लपून आणि ‘आज काय, बायको माहेरी’ या आनंदात.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज राज्यामुळे हा मुंबईचा कायदा पोहोचला नाही. तिथे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा रस भट्टीवर चढतो. पहिल्या गाळपाचा उर्राक सौम्य, तो मोसमातच लिमका, मीठ आणि चिरलेली मिरची घालून संपवायचा. पुढच्या गाळपातली फेणी वर्षभराची. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन म्हणजे सामूहिक प्रार्थना होते, ती संपली की उकडलेले चणे आणि पेलाभर काहीतरी हातात येतं. म्हातारी, सून, पाद्री, पोरं सगळी तिथेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातले ३६.९ टक्के पुरुष पिणारे निघाले, महाराष्ट्रातले १३.९ टक्के. त्या प्रमाणात त्रासही आहेच. जास्त पिणाऱ्या पुरुषांना प्राथमिक आरोग्य केंद्रातच साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी मदत करायची, हा संगथ संस्थेचा नावाजलेला प्रयोग गोव्यात झाला तो उगीच नाही. पण तिथला पिणारा आजारी असतो, चोर नसतो. त्यामुळे दवाखान्यात तो खरं सांगतो.

बंदीविरुद्ध एवढं बोलल्यावर गडचिरोलीचं काय, असा प्रश्न येणारच. तिथे १९९३ पासून बंदी आहे, वर्ध्यात १९७५ पासून, आणि चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये सरकारने उठवली. या तिन्ही ठिकाणी चोरटी दारू मिळते, हे खरं. विषारी दारू मात्र बंदी नसलेल्या मुंबईतही मारते. २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलने शंभराहून जास्त माणसं गेली. बंदीची मागणी कोण करतं ते पाहिलं की वाद वेगळा दिसू लागतो. ती करणाऱ्या बहुतेक बायका आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांनी कधी घोट घेतला असेल. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या पिणाऱ्या बायकांचं प्रमाण ०.४ टक्के आहे. बैठक नवऱ्याची, पैसे घरचे, मार बायकोला. ज्या बैठकीत तिला जागा नाही तिच्या रीतीभाती सुधारण्यात तिला काय रस असणार? तिला दुकानच नको आहे.

त्यासाठी महाराष्ट्रात एक वेगळीच सोय आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर उत्पादन शुल्क विभागाला गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान राहू द्यायचं असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडवीवर. अट कडक आहे: आलेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण मतदार बायकांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणून मतदानाच्या दिवशी ऊसतोडीला गेलेल्या, माहेरी गेलेल्या, दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या बायकांना जीप करून आणलं जातं. दुकानदाराची माणसं आदल्या रात्री साड्या वाटत फिरतात. बायका साड्या घेतात आणि सकाळी रांगेत येऊन उभ्या राहतात.